दहा म्हणजे किती

फोन वाजला तेव्हा ती डाव्या हाताने उकडलेलं अंडं सोलत होती. सोलत होती असं आपलं म्हणायचं. अंडं ताटलीभर पळत होतं आणि ती त्याच्या मागे. उजवा हात बोटांच्या मुळापासून मनगटाच्या वरपर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळून उशीवर, आणि उशी टेबलावर, अशा थाटात विराजमान होता की घरात कुणी बडा पाहुणा उतरलाय असं वाटावं. हात उंच ठेवायचा, असं दवाखान्यातून निघताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, आणि लिहून दिलेली सूचना तिने उभ्या आयुष्यात एकदाच मोडली होती. त्या एकदाचीच तर ही सगळी फळं होती. तिने कोपराने अंडं अडवलं, डाव्या अंगठ्याने फोनवरचं बटण दाबलं, आणि स्वयंपाकघरात एक कोवळा, घाईतला आवाज आला. "नमस्कार, मी डे-केअर विभागातून बोलतेय, परवा तुमच्या हाताची शस्त्रक्रिया झाली ना, दोनच मिनिटं घेते. आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पूर्ण." हे सगळं त्या मुलीने एका श्वासात म्हटलं. तिच्या मागे आणखी चार-पाच आवाज तेच वाक्य आणखी चार-पाच घरांत म्हणत होते.

"दहा म्हणजे किती?" तिने विचारलं.

"म्हणजे… पूर्ण."

"ते कळलं. पण कशाच्या मानानं पूर्ण? ताडून कशाशी बघायचं?"

"बाई, लोक नुसतं सांगतात. आठ, नऊ. काही जण साडेनऊ पण सांगतात."

"साडेनऊ?" तिला खरोखरच धक्का बसला. "वरचा अर्धा कशावरून काढला त्यांनी?"

मग मुलगी म्हणाली, की आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. "मग राहू दे तिथंच," ती म्हणाली, "अजून मोजणी व्हायचीय." मुलीने दहा-बारा दिवसांनी परत फोन करते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. अंडं एव्हाना गार झालं होतं.

तसं पाहिलं तर यात मनाला लावून घेण्यासारखं काहीच नव्हतं. असे फोन येतात, माणसं कानाला फोन लावून भाजी ढवळत नऊ म्हणून सांगतात, आणि जग चालतं. पण तिला ते जमेना. छप्पन्न वर्षांत तिला कितीतरी गोष्टींचे आकडे विचारले गेले होते. तू किती समाधानी आहेस हा आकडा कुणी मागितला नव्हता. आणि मागितला तो अशा बाईकडे, जिचा सगळा जन्म खरा आकडा सांगण्यात गेला होता. एकतीस वर्षं ती वजनं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. औषधांच्या दुकानांतले, सराफांच्या पेढ्यांवरचे, कारखान्यांतले काटे तिच्याकडे यायचे आणि तिच्या टेबलावरच्या प्रमाण वजनांपुढे खरे किंवा खोटे ठरायचे. ही वजनं निळ्या मखमलीच्या पेटीत राहायची, प्रत्येकाला त्याच्या मापाचा खळगा. त्यांना बोट लावायचं नाही हा पहिला नियम. बोटाला तेल असतं, घाम असतो, आणि तेलालाही वजन असतं. जे काही उचलायचं ते चिमट्याने. सगळ्यात धाकटं एक मिलिग्रॅमचं. ते वजन कसलं, पातळ पत्र्याची एक त्रिकोणी टिकली, चिमट्यात धरता यावी म्हणून एक कोपरा वर वाकवलेली. जोरात श्वास सोडला तर उडून जाईल, म्हणून ती काट्यापुढे बसली की मान वळवून कडेला श्वास सोडायची. ही सवय इतकी हाडीमासी खिळली होती की ती माणसांशी बोलतानाही महत्त्वाच्या शब्दाआधी मान वळवायची, आणि समोरच्याला वाटायचं आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय. प्रयोगशाळेतल्या नव्या पोरी तिला पाठीमागे मिलिग्रॅमबाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. तिचा धाकटा भाऊ त्याच्याही पुढे जाऊन म्हणायचा, की ताईला सांगून आलेली स्थळंसुद्धा तिने चिमट्यानेच उचलून परत खळग्यात ठेवली.

मुंग्या यायला लागल्या त्याला वर्ष झालं होतं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अलीकडची कड. करंगळी मात्र ठणठणीत. आधी सकाळी उठल्यावर, मग बस पकडून दांडीला धरलं की, मग येता-जाता. तिने त्यावर जे करायचं ते केलं, म्हणजे दुर्लक्ष. हात झटकायचा, पुन्हा कामाला लागायचं. चिमटा नीट जाणवत नाहीसा झाला तेव्हा ती तो जास्त घट्ट धरायला लागली, एवढंच. ब्लाउजची बटणं लावायला वेळ लागू लागला, चमचा हातातून निसटायचा, आणि ती चमच्यावर रागवायची. मग तो दिवस आला. साधाच दिवस होता, सकाळचे अकरा वाजले होते, एका औषधाच्या दुकानाचा काटा समोर होता आणि वीस ग्रॅमचं वजन चिमट्यात. बुटकं, चकचकीत, डोक्यावर छोटी गुंडी असलेलं वजन. सगळ्या पेटीत तिचं लाडकं. टण्ण असा आवाज झाला. कुणाचं तरी काहीतरी पडलं म्हणून तिने वळून बघितलं. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. चिमटा रिकामा होता, आणि तीन बोटं तो अजूनही तशाच ऐटीत धरून बसली होती, जणू वजन त्यात आहेच. ते सुटलं हे बोटांना कळलंच नव्हतं. कानाने सांगितलं तेव्हा कळलं. वजन टेबलाखाली फरशीवर लोळत होतं. मग तिने ती गोष्ट केली. वजन चिमट्याने उचललं, मऊ कापडाने पुसलं आणि त्याच्या खळग्यात ठेवून दिलं.

पडलेलं वजन परत पेटीत ठेवायचं नसतं. ते त्या क्षणापासून प्रमाण राहत नाही. आधी सांगायचं, मग ते वरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचं, आणि ते परत येईपर्यंत पेटी बंद. हे नियम तिनेच नव्या पोरींकडून घोकून घेतले होते. तरी ती चार दिवस गप्प बसली, कारण सांगितलं असतं तर विचारलं असतं, पडलं कसं. चार दिवसांत तिने सदतीस काटे त्या पेटीवर पास केले. सही करताना पेनही नीट धरता येत नव्हतं. पाचव्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली, मान वळवून श्वास सोडला, आणि सगळं सांगून टाकलं. साहेब वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान. तिच्याच हाताखाली चिमटा धरायला शिकलेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सदतीसच्या सदतीस काटे परत बोलावले, दोन पोरींना कामाला लावून दुसऱ्या पेटीवर पुन्हा तपासले, आणि वीस ग्रॅम वर पाठवलं. काटे सगळे खरे निघाले, ती तिची पुण्याई. वीस ग्रॅम मात्र केसभर हलकं होऊन आलं. फरशीने त्याच्या कडेचा कण घेतला होता. दप्तरातून त्याचं नाव काढून टाकलं आणि पेटीतला तो खळगा रिकामा राहिला. "बाई," साहेब म्हणाले, "हात दाखवून घ्या. बोटं परत आली तर टेबल तुमचंच. नाही आली, तर मला तुम्हाला फायलींच्या खोलीत बसवावं लागेल. मला ते करायला लावू नका." फायलींच्या खोलीला खिडकी नव्हती. पण खिडकीचं काय एवढं. तिथे एकही काटा नव्हता.

शस्त्रक्रिया म्हटल्यावर तिच्या मनात जे काही आलं होतं त्याच्या पासंगालाही हे पुरलं नाही. सकाळी साडेआठला आत, दुपारी दोनला बाहेर. मनगटात एक जाड पट्टा असतो, त्याच्या खालच्या बोगद्यातून शीर जाते, पट्टा आवळला की शीर गुदमरते; पट्टा कापला की शीर मोकळी. डॉक्टरीणबाईंनी हे इतकं झटपट सांगितलं की तिला वाटलं, या उकडलेलं अंडंही एका हाताने सोलत असतील. मनगटात सुई टोचली, तळहात आपला न राहता कुणाचा तरी झाला, पडद्यापलीकडे वीस मिनिटं कुणीतरी काहीतरी करत राहिलं. "तुमचा हात फार स्थिर आहे हो," पडद्यामागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचाही," ती म्हणाली, आणि नर्स हसली. मग एका लांबट खोलीत, आरामखुर्च्यांच्या रांगेत तिला बसवलं. शेजारी हर्नियाचे एक गृहस्थ होते. नर्स कागद घेऊन आली आणि विचारलं, "दुखतंय किती? शून्य ते दहा." हर्नियांनी धाडकन "सात!" म्हणून सांगितलं आणि त्यांना गोळी मिळाली, वर बिस्किटही. तिची पाळी आली तेव्हा तिने विचारलं, दहा म्हणजे कुणाचं दुखणं. नर्सने आजवर बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती. "तुम्हाला सोसवणार नाही इतकं, म्हणजे दहा," ती म्हणाली. "पण अजून सोसलंच नाही ते कसं सांगू?" नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिलाही एक बिस्किट दिलं. पाणी पिऊन झालं, बाथरूमला जाऊन झालं, दाराशी भाऊ हजर आहे याची खात्री झाली, तेव्हा तिला सोडलं. काय लिहिलं होतं ते तिने जाताना वाकून वाचलं. दोन.

भाऊ एका दिवसासाठी म्हणून आला आणि राहिला नऊ दिवस. तो न्हावी होता, स्वतःचं दुकान, तीन खुर्च्या. ते त्याने जावयावर सोपवलं. तोंडाला कुलूप लावणं हे त्याच्या धंद्यात बसत नाही, त्यामुळे घरात सकाळपासून आकाशवाणी सुरू असायची. फोनची हकिगत ऐकून तो पोट धरून हसला. "अगं, दहा सांगून टाकायचं! कुणाच्या बापाचं काय जातंय?" ती म्हणाली, "खोटं वजन होईल ते." "ताई, मी तुला सांगतो. मी केस कापून झाले की मागून आरसा धरतो. कसं झालंय? गिऱ्हाईक म्हणतं, छान. तीस वर्षांत एकानंही वाईट म्हटलेलं नाही. मी कान कापला होता एकाचा, तोही छान म्हणाला. खरं उत्तर आरशात नसतं, तो पुढच्या महिन्यात परत येतो की नाही त्यात असतं." एवढं बोलून तो आपल्याच शहाणपणावर खूश होऊन भांडी घासायला गेला. तिला वाटलं, हा बडबड्या कधीकधी बोलून जातो ते थेट काट्यावर बसतं.

तिसऱ्या दिवशी त्याने तिचे केस धुतले. एका हाताने वेणी घालता येत नव्हती आणि केसांचं घरटं झालं होतं. त्याने बेसिनपाशी खुर्ची उलटी लावली, मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, तिचा उजवा हात फळीवर नीट उंच ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाला, "डोकं मागे." त्याची बोटं टाळूवर फिरायला लागली. लहानपणी हीच बोटं धरून तिने त्याला रस्ता ओलांडायला शिकवलं होतं. आता त्यांना प्रत्येक केसाची जाण होती, आणि तिच्या बोटांना चमच्याची नव्हती. तिला त्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज. "पाणी गरम आहे का?" त्याने विचारलं. "बरं आहे," ती म्हणाली. त्याचे हात थांबले. "बरं आहे म्हणजे काय? कोमट की गरम? आईसारखं बोलू नकोस हं, ताई." तो सहज म्हणून गेला आणि पुन्हा फेस करायला लागला. तिने डोळे मिटून घेतले. पाणी गरम होतं, जरा जास्तच गरम. ते तिने सांगितलं नव्हतं. आईला कसं वाटतंय म्हणून विचारलं की ती बरं आहे म्हणायची, दुखतंय का विचारलं की जरासं म्हणायची. पोटावर हात दाबून, ओट्याला टेकून, हसून, जरासं. असं दीड वर्ष. आणि ही लेक, जी बोटाच्या तेलाचंही वजन धरायची, जिच्यापुढे शहरभराचे काटे उभे राहायचे, तिने आपल्या आईचं ते जरासं एकदाही काट्यावर ठेवून पाहिलं नाही. ऐकलं आणि कामावर गेली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं होतं, इतके दिवस काय करत होता. तोवर फार उशीर झाला होता. आईची ती सवय आपल्यात उतरली आहे हे तिला आज बेसिनवर डोकं टेकून कळलं. बोटं बधिर झाली तरी तीही वर्षभर जरासंच म्हणत होती. "गरम आहे," ती एकदम म्हणाली. "पोळतंय. गार पाणी घाल." "घालतो ना, त्यात ओरडायचं काय," भाऊ म्हणाला, आणि त्याने गार नळ सोडला. फेसाचं पाणी डोळ्यांत गेलं असं ती म्हणाली, आणि त्यानेही ते मान्य केलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती जागी झाली तर पडद्यावर ऊन आलं होतं. कितीतरी वेळ तिला कळेना की चुकतंय काय. मग लक्षात आलं. वर्षभरात पहिल्यांदा मुंग्यांनी तिला उठवलं नव्हतं. पहाटे हात खाटेखाली सोडून झटकावा लागला नव्हता. ती सरळ सात तास झोपली होती, लहान पोरासारखी. ती तशीच पडून राहिली आणि छताकडे बघून हसली. तरी बोटांची टोकं अजून परकीच होती, मोजा घातल्यासारखी. शीर झोपेतून उठायला वेळ घेते, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कधी आठवडे, कधी महिने, आणि कधीकधी पूर्ण उठत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं होतं आणि तिने तेवढंच मोठ्याने ऐकलं होतं. मग तिने वही केली. रोज सकाळी डोळे मिटून तीन वस्तू: कापूस, किल्ली, चहाचा कप. अंगठा, पहिलं बोट, मधलं. कापूस: नाही, नाही, नाही. किल्ली: टोक कळतं, गार कळत नाही. कप: दाब कळतो, ऊब नाही. भाऊ म्हणायचा, पोरीच्या प्रगतिपुस्तकातसुद्धा इतके ‘नाही’ दिसले नव्हते.

टाके निघाले त्या संध्याकाळी दुसरा फोन आला. तळहाताच्या मुळाशी एक गुलाबी रेघ उरली होती, आणि ती तिच्यावरून मलम फिरवत बसली होती. "बाई, माझ्या यादीत तुम्ही एकट्याच राहिलात," मुलगी म्हणाली. पाठीमागचे आवाज आज नव्हते. बाकीच्या घरी गेल्या असाव्यात. "आज तरी?"

"अजून नाही गं. तुझा खोळंबा होतोय, कळतंय मला."

"खोळंब्याचं काही नाही. पण तुम्ही विचारलंत ना, तेव्हापासून मलाच कळेना झालंय. कुणी आठ म्हटलं की वाटतं, कशावरून आठ." ती हसली. "शून्य तरी माहितीय का तुम्हाला?"

या प्रश्नाचं उत्तर ती पंधरा दिवस शोधत नव्हती, कारण ते तिच्यापाशी होतंच. "शून्य माहितीय," ती म्हणाली, आणि त्या अनोळखी मुलीला तिने अकरा वाजताचा तो टण्ण सांगितला, रिकामा चिमटा धरून बसलेली बोटं सांगितली, खळग्यात परत ठेवलेलं वजन सांगितलं. हे तिने भावालाही धड सांगितलं नव्हतं. "हातातून गेलं आणि हाताला पत्ता नाही, ते शून्य. आता दुसरं टोक सापडलं की तुला आकडा देते. सहा आठवडे होतील तेव्हा कामावर जाईन. त्या दिवशी कर."

"तारीख लिहून ठेवते," मुलगी म्हणाली.

त्या दिवशी भाऊ आपलं दुकान उघडायच्या आधी आला, तिची वेणी घातली, ती आता स्वतः घालू शकत होती तरी, आणि मागून आरसा धरला. "कसं झालंय?" ती म्हणाली, "डावीकडे एक बट सुटलीय." "शाब्बास," तो म्हणाला, "आज पास होतेस तू." वहीतला कापूस गेल्या आठवड्यात कळू लागला होता, अंगठ्याला पूर्ण, पहिल्या बोटाला जवळजवळ. मधल्याचं खात्रीनं सांगता येत नव्हतं. आणि गार-गरम अजून एकाही बोटाच्या रकान्यात नीट आलं नव्हतं. प्रयोगशाळेत शिरताना तिला परीक्षेला आलेल्या मुलीसारखी धडकी भरली होती. सगळं जागच्या जागी होतं: जाड काचेचं दार, दगडी टेबल, काट्याची काचपेटी, एकसारखी गार हवा. पोरी काचेपलीकडे कामात असल्याचं नाटक करत होत्या. साहेब हात मागे बांधून उभे होते. "धाकटंच घेऊ या," ते म्हणाले. "तीनदा ठेवायचं, तीनदा काढायचं." एक मिलिग्रॅम. ती बसली, हातमोजे चढवले, मान वळवून श्वास सोडला आणि चिमटा उचलला.

पहिल्याच वेळेला टिकली उडाली. चिमट्याच्या टोकातून सुटकन निसटली आणि दिसेनाशी झाली. फायलींची खोली, तिचा तो बंद वास, तो नाकाशी आला. "हलू नका," ती म्हणाली, साहेबांना नव्हे, सगळ्यांना, आणि गेली तीस वर्षं ज्या आवाजात ती हे म्हणत आली त्याच आवाजात. साहेब हलले नाहीत. ती टेबलाच्या पातळीला गाल टेकवून बघायला लागली, कडेने येणाऱ्या उजेडात, वीत-वीत पुढे. टिकली काचपेटीच्या चौकटीवर बसली होती, वाकवलेला कोपरा वर करून, खोडकर पोरासारखी. आणि तिथे गाल टेकलेला असतानाच तिला कळलं की काय झालं. वजन नीट न धरल्यामुळे निसटलं नव्हतं. फार घट्ट धरल्यामुळे निसटलं होतं. वर्षभर बोटांना काही कळत नव्हतं म्हणून ती चिमटा आवळत आली होती, आणि आज आवळला तेव्हा तो आवळल्याचं बोटांना कळलं होतं. चिमट्याचा पत्रा वाकताना तिने त्याचा ताठा अनुभवला होता! घाबरून गेली म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही. तिला हसू यायला लागलं, तोंड दाबून ठेवावं लागलं इतकं. बोटं आली होती, आणि हिची भीतीच मागे राहिली होती. तिने चिमटा खाली ठेवला, हात दोनदा उघडला, मिटला. मग परत उचलला, या वेळी तो पडेल की काय इतका सैल, पूर्वी धरायची तसा. टोकं टिकलीच्या कोपऱ्याला टेकली, आणि ते टेकणं चिमट्याच्या दांडीतून चढत, हातमोज्यातून, अंगठ्याला कळलं, पहिल्या बोटाला कळलं, आणि मधल्या बोटाला, ज्याची तिला खात्री नव्हती, त्यालाही कळलं. टिकली उचलली गेली. पारड्यात अलगद बसली. काचेचं दार सरकवलं. आकडे थरथरले, चढले, उतरले, आणि एकावर येऊन थांबले. दुसऱ्यांदा एक. तिसऱ्यांदा एक. काचेपलीकडे कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच आवरती घेतली. साहेबांनी नोंद केली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "मी घरून निघताना बायकोला म्हणालो, आज माझी परीक्षा आहे." त्यांच्या कपाळावर घाम होता; त्या गार खोलीत.

मग त्यांनी खिशातून एक लहान डबी काढली. आत कापसात ते वीस ग्रॅम होतं. "हे मोडीत द्यायचं होतं," साहेब म्हणाले, "मी नाही दिलं. आता हे प्रमाण नाही, बाई. नुसतं लोखंड. कुणीही हात लावला तरी चालेल." एवढं बोलून ते बाहेर गेले, आणि जाताना पोरींनाही हाकलून घेऊन गेले.

ती डबीकडे बघत राहिली. एकतीस वर्षांत हजारो वेळा तिने ते उचललं असेल आणि एकदाही त्याला शिवली नव्हती. त्याचं वजन तिला दशांशाच्या कितव्या घरापर्यंत पाठ होतं. ते हाताला कसं लागतं हे माहीत नव्हतं. तिने हातमोजे काढले. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, कुठल्याही चिमट्याशिवाय, उघड्या कातडीने, तिने ते गुंडीला धरून उचललं आणि मग तळव्याकडे न सोडता बोटांच्या टोकांवरच पेललं. आणि ते गार होतं. किल्लीने दिलं नव्हतं, कपाने दिलं नव्हतं, ते या लहानग्या पोलादाने दिलं. आधी अंगठ्याला गार लागलं, मग दोन्ही बोटांना एकदम, आणि त्या गारव्यामागून त्याचं वजन आलं, भारदस्त, खरं, वीस ग्रॅमला केसभर कमी. तो केसही आपल्याला जाणवतोय असं तिला वाटलं, आणि ही शुद्ध बढाई आहे हे माहीत असूनही तिने ती स्वतःला करू दिली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिने पुसलं नाही. हात रिकामा नव्हता. आई, गार लागतंय, ती मनात म्हणाली. जरासं नाही. चांगलं गार लागतंय.

फोन टेबलाच्या खणात थरथरला. तिने डाव्या हाताने तो काढून कानाला लावला. "आज तारीख दिली होती तुम्ही," मुलगी म्हणाली. "लिहू का काही?"

"दहा," ती म्हणाली.

"नक्की? साडेनऊ वगैरे नाही?"

"दहा. ताडून बघितलंय."

कळफलकावर एक खट्ट असा आवाज आला. "सरकला फॉर्म," मुलगी म्हणाली, आणि तिच्याही आवाजात काहीतरी मोठं काम झाल्याचा आनंद होता. "खाली शेऱ्याला जागा आहे. बहुतेक लोक रिकामी सोडतात. काय लिहू?"

"लिही, गार लागलं."

"काय गार लागलं?"

"वीस ग्रॅम. तिन्ही बोटांना."

मुलगी एकेक शब्द पुटपुटत लिहायला लागली, गार, लागलं, तिन्ही, बोटांना. ती ऐकत उभी राहिली. वजन हळूहळू तिच्या हातात ऊब धरत होतं. ते पुरतं गरम होईपर्यंत तिने ते खाली ठेवलं नाही.